घड्याळ ठीक आहे, भिंत बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीत श्टुटगार्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर नवं भाड्याचं घर घेतलंय. हौसेनं एक डिजिटल रेडिओ घड्याळ आणलं. वेळ आपोआप लागते आणि घरातलं व बाहेरचं तापमान दिसतं, असं खोक्यावर लिहिलेलं. ते दिवाणखान्यात पूर्वेच्या भिंतीवर, टीव्हीशेजारी टांगलं. पडद्यावरचं मनोऱ्याचं चिन्ह थोडा वेळ लुकलुकतं आणि विझतं, वेळ हातानं लावावी लागली. बाहेरचा सेन्सर पश्चिमेच्या बाल्कनीच्या कठड्याला बांधलाय. एप्रिलच्या दुपारी तो ३४ दाखवतो तेव्हा फोनवर १९ असतं, आणि काही वेळा तर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा येतात. शेवटी विचारलंय की साताऱ्याला आईबाबांना हे घड्याळ फार आवडलंय, डिसेंबरात जाताना एक घेऊन जाऊ का?

इथं इलेक्ट्रॉनिक उपकरणांची दुरुस्ती करता करता माझी बावीस वर्षं गेली, आणि अशी घड्याळं ‘बिघडली’ म्हणून आणणाऱ्यांची कधी कमी पडली नाही. त्यांतली बहुतेक मी काहीही न उघडता परत दिली. तुमचंही बिघडलेलं नाही. तुम्ही भिंतीची दिशा, टीव्हीची जागा आणि बाल्कनीची बाजू लिहिली नसती, तर मी पहिल्यांदा तेच विचारलं असतं.

आधी वेळेचं बघू. या घड्याळाला जर्मनीत फुंकऊर म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फुंकर मारून चालणारं घड्याळ वाटलं होतं, पण फुंक म्हणजे बिनतारी. आत एक साधं क्वार्ट्झ घड्याळच असतं, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणाऱ्या स्फटिकावर चालणारं. दहा युरोच्या भिंतीवरच्या घड्याळात असतं तेच. त्याच्या जोडीला एक छोटा रेडिओ असतो. तो दिवसातून एकदा-दोनदा, शक्यतो रात्री, जागा होतो, फ्रँकफर्टची वेळ ऐकतो, घड्याळ मिळवतो आणि झोपतो. आपले आजोबा आकाशवाणीच्या बातम्यांआधीची पिप-पिप ऐकून घड्याळ लावायचे, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथं आजोबा घड्याळाच्या आत बसलेत.

फ्रँकफर्ट असं आपण म्हणतो, पण मनोरे आहेत शहराच्या आग्नेयेला, सुमारे २५ किलोमीटरवर, माइनफ्लिंगन नावाच्या गावात. केंद्राचं नाव डीसीएफ७७. डी म्हणजे डॉइचलँड, सी म्हणजे दीर्घलहरी, एफ म्हणजे फ्रँकफर्टचा परिसर आणि ७७ म्हणजे ७७.५ किलोहर्ट्झ ही वारंवारता. वेळ ठरवण्याची जबाबदारी ब्राउनश्वाइगच्या पीटीबी या राष्ट्रीय मापन संस्थेची आहे. प्रक्षेपण केंद्रावरच सीझियमची अणुघड्याळं आहेत. केंद्र १९५९ पासून चालू आहे, पण तारीख-वेळेचा संकेत त्यावर १९७३ मध्ये आला. प्रक्षेपकाची ताकद ५० किलोवॉट. दीर्घलहरी जमिनीला धरून लांबवर जातात, त्यामुळे साधारण २,००० किलोमीटरपर्यंत ही घड्याळं चालतात. लिस्बनपासून वॉर्सापर्यंत सगळ्यांची वेळ त्या एका गावातून येते.

संकेत अगदी संथ आहे, आणि ते समजलं की तुमचा निम्मा वैताग जाईल. लहर अखंड चालू असते, फक्त प्रत्येक सेकंदाच्या सुरुवातीला तिची ताकद क्षणभर उतरते. एक दशांश सेकंद उतरली तर शून्य, दोन दशांश उतरली तर एक. म्हणजे सेकंदाला एकच अंक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला ती उतरतच नाही, आणि त्या गाळलेल्या ठोक्यावरून घड्याळ ओळखतं की आता नवं मिनिट सुरू होणार. त्या ५९ अंकांत मिनिटं, तास, तारीख, वार, महिना, वर्ष आणि सध्या उन्हाळी वेळ आहे की हिवाळी, एवढं सगळं भरलेलं असतं. म्हणजे सगळं नीट ऐकू आलं तरी पूर्ण वेळ कळायला एक अख्खं मिनिट लागतं. शिवाय बहुतेक घड्याळं एका मिनिटावर विश्वास ठेवत नाहीत, लागोपाठची दोन-तीन मिनिटं एकमेकांशी जुळली तरच वेळ स्वीकारतात. मधे एक सेकंद खरखरीत गेला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सेल घालून दहा मिनिटं त्याच्याकडे बघू नका, बटणं तर मुळीच दाबू नका. बऱ्याच मॉडेलांत बटण दाबलं की ऐकणं तिथंच थांबतं. ‘चालत नाही’ म्हणून आलेल्या घड्याळांपैकी कितीतरी फक्त उतावीळपणाची बळी होती.

आता तुमची भिंत. घड्याळाच्या आत पेन्सिलीसारखी एक काळी फेराइटची कांडी असते, तारेचे वेढे घातलेली. तीच अँटेना. साधारणपणे ती घड्याळाच्या रुंदीला समांतर आडवी बसवलेली असते. या कांडीची एक खोड आहे. ती आपल्या कुशीकडून येणारी लहर उत्तम पकडते आणि टोकाकडून येणारी जवळजवळ ऐकतच नाही. श्टुटगार्टहून माइनफ्लिंगन जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, दीडशे किलोमीटरच्या आत. तुमचं घड्याळ पूर्वेच्या भिंतीवर आहे, म्हणजे त्यातली कांडी दक्षिणोत्तर पडली आहे, तिचं टोक थेट प्रक्षेपकावर रोखलेलं. एवढ्या जवळ राहून त्याला ऐकू येऊ नये अशी याहून चांगली व्यवस्था करता आली नसती! ते उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीवर लावा. घड्याळाचं तोंड फ्रँकफर्टकडे असो की पाठ, त्याला सारखंच. फक्त कूस त्या बाजूला हवी. म्युनिकचा कुणी हे वाचत असेल तर त्यानं वायव्य धरावी, बर्लिनच्यानं नैऋत्य.

दुसरा गुन्हेगार टीव्ही. टीव्ही, मॉनिटर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, फोनचे चार्जर यांच्या आतला वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो, आणि त्याचा कचरा नेमका याच पट्ट्यात पडतो. दीड-दोन मीटर अंतर ठेवलंत तर बहुतेक वेळा पुरतं. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं घड्याळ स्वयंपाकघरात फक्त रविवारी वेळ घ्यायचं. बराच शोध घेतल्यावर कळलं की कपाटाखालच्या एलईडी पट्टीचा ट्रान्सफॉर्मर रात्रभर चालू असायचा, आणि शनिवारी पाहुणे आले की त्यांची मुलगी खटक्यापासून सगळं बंद करून झोपायची.

खात्री करायची असेल तर एका रात्रीपुरतं घड्याळ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करून. सकाळी मनोऱ्याचं चिन्ह स्थिर दिसलं तर घड्याळ निर्दोष आहे. पण कायमचं तिथं ठेवू नका. इथं हीटरचे रेडिएटर खिडकीखालीच असतात, आणि घरातलं तापमान मोजणारा सेन्सर घड्याळाच्याच पोटात असतो. हिवाळ्यात तो तुम्हाला खोलीचं नाही, रेडिएटरच्या वाफाळत्या हवेचं तापमान सांगेल. रेडिओला खिडकी हवी, तापमापकाला खिडकी नको. एका डबीत दोघांना कोंबल्यावर असं होणारच.

कोपऱ्यातल्या एखाद्या गोष्टीवरून उगाच घाबरू नका, म्हणून दोन बारीक बाबी सांगतो. क्वचित कधी घड्याळ भलतीच वेळ दाखवतं, तीही आत्मविश्वासानं. संकेतातल्या चुका पकडायला मिनिटांसाठी एक, तासांसाठी एक आणि तारखेसाठी एक असे तीनच तपासणीचे अंक आहेत. एका गटात एक चूक झाली तर ती पकडली जाते, दोन झाल्या तर एकमेकींना झाकतात. दुसऱ्या रात्री आपोआप सुधारतं. दुसरं म्हणजे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळाला हात लावू नका. युरोपात त्या दिवशी घड्याळं तासभर पुढे किंवा मागे करतात, आणि त्या वेळबदलाची सूचना संकेतातच तासभर आधी येते. दरवर्षी ऑक्टोबरात कुणीतरी घाईनं टाइम झोनचा आकडा बदलतं आणि मग महिनाभर एक तास मागे-पुढे जगतं. हा बदल रद्द करावा असं युरोपीय संसदेनं २०१९ मध्ये ठरवलं होतं, पण पुढे काही झालं नाही, त्यामुळे तो खेळ अजून चालू आहे.

बाहेरच्या तापमानाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. डबी एकच असली तरी त्या रेडिओचा फ्रँकफर्टशी काही संबंध नाही. कठड्यावरच्या पांढऱ्या डबीत एक थर्मिस्टर असतो, तापमानाप्रमाणे रोध बदलणारा मणी, आणि एक इवलासा प्रक्षेपक. साधारण मिनिटाला एकदा तो ४३३ मेगाहर्ट्झवर आकडा ओरडून सांगतो आणि गप्प होतो. खोक्यावर ३० मीटर किंवा त्याहून जास्त पल्ला लिहिलेला असतो, तो मोकळ्या मैदानातला. घरात मधे लोखंडी सळ्यांचा स्लॅब असतो आणि नव्या खिडक्यांच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा अदृश्य थर असतो. आता एक अंदाज सांगतो, बघा बसतो का. रेघा ज्या वेळी दिसल्या त्या वेळी बाल्कनीच्या दाराचं रोलाडेन, म्हणजे बाहेरून खाली ओढायचं पट्ट्यांचं शटर, खाली होतं का? ते अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर तुम्ही स्वतःच सेन्सर आणि घड्याळाच्या मधे पत्रा ओढताय. घड्याळ नव्या भिंतीवर नेताना, शक्य असेल तर, सेन्सरच्या आणि त्याच्या मधे विटांची साधी भिंत येईल असं बघा. वीट काचेपेक्षा बरी, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण नव्या इमारतींत बरेचदा तसंच असतं.

तरीही रेघा आल्या तर दोन्हीकडचे सेल काढा. आधी बाहेरच्या सेन्सरमध्ये घाला, मग घड्याळात. दोन्ही टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. हा क्रम उलटा झाला तर घड्याळ काही मिनिटं शोधतं, काही सापडलं नाही की नाद सोडतं. सेल बदलल्यावर सेन्सर बहुधा स्वतःला नवा ओळखक्रमांक घेतो, त्यामुळे जुनी ओळख चालत नाही. आणि चॅनेल १ सोडून २ किंवा ३ घ्या. सगळ्या शेजाऱ्यांचं १ वरच असतं. एका बाईंचं घड्याळ जुलैमध्ये बाहेर ६ अंश दाखवत होतं. चौकशीअंती निघालं ते खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या फ्रिजचं तापमान. त्यांनी आपला सेन्सर भाजीच्या खणात ठेवला होता.

आणि ते ३४. ते खोटं नाही, फक्त ते हवेचं तापमान नाही. पश्चिमेच्या दुपारच्या उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकच्या डबीचं ते तापमान आहे. हवामान खातं जे सांगतं ते सावलीतलं, वारा खेळत्या जागेतलं. त्यासाठी जगभर पांढऱ्या झडपांची पेटी वापरतात, स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात तिला. थॉमस स्टीव्हन्सन हे स्कॉटलंडमधले दीपस्तंभ बांधणारे अभियंते, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे वडील. जर्मनीत ती मोजणी जमिनीपासून दोन मीटरवर होते. तुम्हाला पेटी नको, पण सेन्सर बाल्कनीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, दिवसभरात कधीच ऊन न येणाऱ्या जागी हवा. भिंतीला चिकटवू नका. दिवसभर तापलेली भिंत रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत असते. हाताच्या रुंदीएवढं अंतर ठेवा. एवढं करूनही तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक-दोन अंश जास्तच दिसेल, ते मान्य करा. या सेन्सरची अचूकता साधारण एक अंश इकडेतिकडे असते. दशांशापर्यंतचा आकडा दाखवतात तो दाखवता येतो म्हणून. दोन्ही सेन्सर घरात शेजारी-शेजारी दोन तास ठेवून बघा. फरक ०.७ आला तर तो लक्षात ठेवा आणि सोडून द्या.

सेल साधे अल्कलाइन घाला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यावर पडदा फिका पडतो आणि ‘सेल संपला’ची खूण लवकर येते. बाहेरच्यात, थंडी कडक पडणार असेल तर, लिथियमचे १.५ व्होल्टचे पेन्सिल सेल घाला. अल्कलाइन गारठले की मान टाकतात, आणि नेमक्या ज्या सकाळी तुम्हाला उणे किती आहे ते बघायचं असतं त्या सकाळी रेघा येतात.

आता सातारा. नेऊ नका असं मी म्हणत नाही, पण काय नेताय ते समजून न्या. माइनफ्लिंगन तिथून सुमारे पावणेसात हजार किलोमीटर. पल्ला दोन हजारांचा. अशी केंद्रं जगात मोजकीच आहेत. इंग्लंडात अँथॉर्नला, अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला, जपानात दोन, चीनमध्ये शांगचिउला. आपल्याकडे दीर्घलहरींवर वेळ सांगणारं केंद्र नाही. देशाची अधिकृत वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे असते, आणि पूर्वी तिथून लघुलहरींवर एटीए या नावानं वेळ प्रसारित व्हायची, पण ही घड्याळं ती भाषा जाणत नाहीत.

समजा चमत्कार झाला आणि साताऱ्यात फ्रँकफर्ट ऐकू आलं. तरी वेळ चुकणारच. आपण जर्मनीच्या हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. आणि या घड्याळांतला टाइम झोन बहुधा पूर्ण तासांत सरकतो, अधिक चार नाहीतर अधिक पाच. अर्धा तास ठेवायला त्यात जागाच नसते. घड्याळ बनवणाऱ्याच्या नकाशावर आपली वेळ ठरवणारा ८२.५ पूर्व रेखांश नसतो.

म्हणून साताऱ्यात ते साधं क्वार्ट्झ घड्याळ म्हणून राहील, आणि त्यात वाईट काही नाही. मेनूत रेडिओचं ग्रहण बंद करायची सोय असेलच तर बंद करा, नाहीतर ते रोज रात्री उठून व्यर्थ कान देईल आणि सेल खाईल. विकत घेण्याआधी हीच एक गोष्ट माहितीपुस्तिकेत बघा. वेळ हातानं लावा, चोवीस तासांची पद्धत आईबाबांना नको असेल तर बारा तासांची करा. महिन्याला १५-२० सेकंदांचा फरक पडू शकतो, वर्षातून दोनदा गेलात की मिळवून द्या. हौशी मंडळी एक करामत करतात, तीही सांगून ठेवतो. फोनवर अशी अ‍ॅप मिळतात जी १५.५ किलोहर्ट्झचा आवाज हेडफोनमध्ये सोडतात. त्याची पाचपट बरोबर ७७.५ होते. हेडफोनची वायर घड्याळाला खेटून ठेवली तर ते घड्याळ फोनलाच माइनफ्लिंगन समजतं. त्यात वेळ आपल्याला हवी ती घालता येते, त्यामुळे अर्ध्या तासाचाही प्रश्न मिटतो. चार बोटांपलीकडे हे चालत नाही. माझं तीनदा जमलं, दोनदा नाही. आईबाबांना आपोआप बरोबर राहणारी वेळच हवी असेल तर वाय-फायवरून वेळ घेणारं घड्याळ तिकडंच घ्या, ते अर्धा तास समजतं.

तापमानाचा भाग मात्र साताऱ्यात उत्तम चालतो, आणि खरं सांगायचं तर आईबाबांना तोच आवडला असणार. सेन्सर पत्र्याच्या शेडखाली नको. एप्रिलमध्ये पत्रा स्वतःच चूल होतो. गच्चीवर नको, एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ नको. उत्तरेच्या बाजूला, वळचणीला, पण पागोळ्या अंगावर पडणार नाहीत असा टांगा. पावसाळ्याआधी सेलचं झाकण नीट बसलंय ना ते बघायला सांगा, आणि मागच्या भोकातून मुंग्या जातात, तिथं चिकटपट्टी लावा. बाबा पेपरमधल्या आकड्याशी ताडून बघणार हे नक्की, तेव्हा वेधशाळेचा आकडा सावलीतला असतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

एक सेटिंग इथूनच करून न्या. वारांची भाषा. मुळात ती जर्मन असते, सोमवारला एमओ, बुधवारला एमआय, रविवारला एसओ. ती इंग्रजी करा. कराडला आईसाठी नेलेल्या घड्याळात मी हे विसरलो होतो. पडद्यावर ‘एसओ’ वाचून तिनं सोमवार समजून रविवारी कडक उपास धरला, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे साबुदाणा भिजवलेला तिनं बघितला तेव्हा तिला कळलं की उपास आज पुन्हा आहे.